पेल्यावरचं नाव

बारावीच्या पेपरचा दुसरा तास चालू होता आणि मी पर्यवेक्षक म्हणून बाकांच्या रांगांमधून येरझाऱ्या घालत होतो. आमच्या कॉलेजचे शिपाई नामदेव दाराशी आले. आत यायची परवानगी नसते, म्हणून त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच घडी घातलेली चिठ्ठी पुढे केली. मला वाटलं, पुरवण्या कमी पडल्या असतील. उघडून पाहिलं तर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘सुमनबाई गेल्या. सकाळी.’ नामदेव तसेच उभे होते, डोळे पुसत. मला वर्ग सोडता येत नव्हता. पेपर संपायला अजून सव्वा तास होता, आणि तो सव्वा तास मी इतका चाललो, की पहिल्या बाकावरची एक मुलगी शेवटी म्हणाली, “सर, तुम्ही बसा ना जरा. लक्ष जातंय.” मी बसलो आणि लगेच पुन्हा उठलो.

त्या दिवसापासून मी हे असंच करतो आहे. बाईंच्या स्मरणिकेसाठी मागितलेला हा लेख लिहायला तिसऱ्यांदा बसलोय. आधीचे दोन फाडून टाकले. त्यांत बाई अगदी देवी झाल्या होत्या आणि मी त्यांचा निष्ठावान सहकारी. वाचणाऱ्याला ते आवडलं असतं. बायको म्हणते, “अहो, एका जागी बसून एकदाचं लिहून टाका, नाहीतर नाही म्हणून कळवा.” तिचं बरोबर आहे. पण खरं लिहायचं तर एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती मी अकरा वर्षं कोणाला सांगितलेली नाही. बाईंनाही नाही...

सुमन वाळंज हे त्यांचं नाव. मुळशी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांतून त्यांची सगळी नोकरी झाली. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि पौडला एसटी स्टँडमागे दोन खोल्यांत एकट्या राहू लागल्या. लग्न केलं नव्हतं. कोणी कारण विचारलंच तर म्हणायच्या, “वेळ कुठं मिळाला?” मी मूळचा परभणीकडचा. नोकरीच्या निमित्ताने इकडे आलो, कॉमर्स शिकवू लागलो आणि इथलाच झालो. आमची दोघांची गाठ घातली ती माणच्या रामभाऊंनी. आयटी पार्कसाठी त्यांची जमीन गेली होती. हाती आलेल्या पैशातून लोक गाड्या घेत होते, बंगले बांधत होते. रामभाऊंनी थोडा पैसा बाजूला काढून एक निधी केला. तालुक्यातल्या चार मुलांना दरवर्षी कॉलेजला पाठवायचं, आणि पाठवायचं तर सगळं द्यायचं. फी, वसतिगृह, खाणावळ, पुस्तकं, एसटीचा पास, कपडे, सगळं. मी पहिल्याच बैठकीत शहाणपणा केला. म्हटलं, चौघांना पूर्ण देण्यापेक्षा आठ जणांना अर्धं देऊ. रामभाऊ म्हणाले, “सर, हिरीत मानूस सोडायचा तर दोर तळापत्तुर पायजे. अर्ध्या दोरावर सोडून काय करायचंय? लोंबकळायचं त्यानं?”

त्या सगळ्याच्या यादीत बाईंनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली होती, ‘बादली व मग, प्रत्येकी एक.’ मला हसू आलं होतं. बाई म्हणाल्या, “हसा. वसतिगृहात गेलेली पोरगी पहिल्या दिवशी दुसरीची बादली मागते ना, तिथंच तिची मान खाली जाते. मग ती वर्गातसुद्धा वर होत नाही.” असं त्यांचं बोलणं. समोरच्याच्या अंगाला लागेल याची फिकीर नाही, आणि बहुतेक वेळा बरोबर.

मुलं निवडायची पद्धत त्यांनीच घालून दिली होती. गुण बघायचे, अर्ज वाचायचा, पण ठरवायचं घरी जाऊन आल्यावर. मे-जूनच्या दिवसांत आम्ही दोघं पौडहून एसटीने निघायचो, फाट्यावर उतरायचो आणि चालायला लागायचो. बाई पुढे, मी मागे. त्या चालायच्या पण काय, मागे कोणी लागल्यासारख्या! चष्मा लांबचा होता, तो नाकावरून सारखा घसरायचा. फॉर्म भरायची वेळ आली की तो कपाळावर सारायच्या आणि कागद डोळ्यांजवळ धरायच्या. बारा वर्षं मी ते पाहत होतो. पाहणं आणि लक्षात येणं यांत किती अंतर असतं हे मला आता, म्हणजे परवा, समजलं. पण ते पुढे येईल.

लोक आमच्यापासून चीजवस्तू लपवतात, हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकलो होतो. एका घरी अंगणात फाटकं गोणपाट, आणि गोठ्यात म्हशीच्या मागे कडब्याखाली झाकलेली नवी मोटारसायकल. बाईंनी कडबा उचलला आणि घरमालकाला विचारलं, “ही किती दूध देते?” त्यामुळे घरात शिरलं की काय दडवलंय तेवढंच शोधायची आमच्या नजरेला सवय लागली. याच्या उलटंही कोणी करील, हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं.

नव्व्याण्णव साली आम्ही धरणाच्या अंगाला असलेल्या एका वाडीत गेलो. सुरेखा जोरी नावाची मुलगी होती. बारावी सायन्सला चांगले गुण, रोज येऊन-जाऊन तीन तास प्रवासात घालवून मिळवलेले. वडील धरणात जाळं टाकायचे आणि भातलावणीच्या दिवसांत मजुरीला जायचे. अर्जावरून वाटलं होतं, घरात बसायला घोंगडीसुद्धा नसेल. आत गेलो तर चार खुर्च्या, भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात टीव्ही, त्यावर विणलेला रुमाल! जमीन ताजी सारवलेली. सुरेखाच्या आईने पाणी आणलं, स्टीलचे लख्ख पेले, भरतकामाच्या कापडाने झाकलेल्या तबकात. नंतर कपबशीतून चहा. बाईंनी मुलीला पुढं काय करायचंय ते विचारलं. ती म्हणाली, “बी.एस्सी. आन मंग शिकवायचंय.” वडील दारात पाय पोटाशी घेऊन बसले होते. आईच बोलली. “बाई, तुमच्याकडून झालं तर बगा. न्हाईतर ह्यांनी स्थळ बघून ठिवलंय. तुळशीचं लगीन झालं की उरकून टाकू म्हनत्यात. येकदा उरकलं की पोरगी कुटली शिकतीया?”

म्हणजे काय पणाला लागलं होतं ते मला त्या घरात बसल्या बसल्याच माहीत होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे मला ‘कल्पना नव्हती’ म्हणायची सोय राहू नये.

त्या वर्षी तीन मुलं ठरली होती. जागा एकच उरली होती, आणि दुसरा उमेदवार होता मोहन, आमच्या नामदेवांचा मुलगा, माझा विद्यार्थी. हुशार, कष्टाळू, गणितात वाघ. नामदेव रोज सकाळी माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवताना काही विचारायचे नाहीत. नुसते एक क्षण जास्त उभे राहायचे. ते उभं राहणं माझ्या जिवाला लागलं होतं.

आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर नाव घालून घ्यायची रीत आहे. मशीनने ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव, बहुतेक पेल्याच्या काठाखाली. मला लहानपणापासून ते वाचायचा नाद. पाणी पिताना पेला हातात फिरवायचा आणि वाचायचं. त्या दिवशीही फिरवला. जोरींच्या घरातल्या पेल्यावर नाव होतं, ‘दगडू बाळा ढमाले’. असेल, लग्नात आलेला आहेर असेल. समोर बाई पाणी पीत होत्या. त्यांच्या पेल्याची नाव घातलेली बाजू माझ्याकडे होती, ‘शांताबाई मारुती ढमाले’. आणि तबकावरचं कापड जरा सरकलं होतं, त्याखालून अक्षरं दिसत होती, ‘भजनी मंडळ’.

मला सगळं समजलं. एका क्षणात. पाहुणे येणार म्हणून सगळ्या वाडीने आपापल्या घरातलं चांगलं ते आणून त्या घरात मांडलं होतं. खुर्च्या आणि घड्याळ एकाचं, टीव्ही दुसऱ्याचा, तबक देवळातलं. पोरगी वाडीची, आणि मोठी माणसं येणार, तर त्यांना जमिनीवर कसं बसवायचं? आमच्यासमोर गरिबी दाखवायची असते हे त्या भल्या लोकांच्या डोक्यातही आलं नव्हतं. उमेदवाराची गरज जोखायला आम्ही गेलो होतो, आणि त्यांच्या लेखी आम्ही पाहुणे होतो.

मी पाणी संपवलं. पेला तबकात ठेवताना त्यावरचं नाव माझ्याकडे येईल असा ठेवला. कापड सारखं केलं.

बाहेर पायवाटेवर आल्यावर बाईंनी विचारलं, “सर, काय वाटतं?” मी म्हणालो, “घर बरं आहे की. आपला मोहन बघा, पत्र्याखाली अभ्यास करतो.” बाई म्हणाल्या, “लिहा मग.” माझं अक्षर चांगलं, म्हणून अहवाल मीच लिहायचो. ‘घरची परिस्थिती’ या रकान्यात लिहिलं, ‘बरी. टीव्ही, खुर्च्या, घड्याळ.’ त्यात एकही शब्द खोटा नव्हता. खोटेपणाचं हेच तर कौशल्य असतं.

मोहनला जागा मिळाली. नामदेवांनी पेढे आणले, मी खाल्ले. मोहन, तू हे वाचशील. तुझी जागा तुझ्या गुणांची होती, आजही आहे. चोरी झाली ती माझ्या हातून, तुझ्याकडे तिचा कणही नाही. पण दिवाळीला तू मिठाईचा डबा घेऊन येतोस, तेव्हा मी तो लगेच शेजारी का वाटून टाकतो, हे तुला आता कळेल.

पुढच्या वर्षी त्याच वाडीतून आणखी एक अर्ज आला, ढमाल्यांच्या मुलाचा. मी कॉलेजात प्रवेशाच्या कामाला जुंपलेला होतो, म्हणून बाई एकट्या गेल्या. पुढचं त्यांनीच मला सांगितलं. घरात शिरल्या आणि तेच घड्याळ, त्याच खुर्च्या, एकीचा हात मोडलेला, तोही तसाच. म्हणाल्या, “हे मी पाहिलंय. कुठं पाहिलंय?” ढमाल्यांची म्हातारी हसायला लागली. “आवो बाई, हे आमचंच हाय! गेल्या साली जोऱ्याच्या घरी तुमी येनार म्हनून समद्यांनी नेऊन दिलं व्हतं. त्याच्या घरात कुटं बसला असता तुमी? उखळावर?” बाई तशाच उठल्या आणि दोन घरं ओलांडून जोरींकडे गेल्या. घर रिकामं होतं. खरोखरच रिकामं. सुरेखा धरणाकाठच्या एका रिसॉर्टमध्ये भांडी घासायला जायची. स्थळ मोडलं होतं, ते केवळ मुलाकडच्यांचं दुसरीकडे जमलं म्हणून. दुसरं बघणं चाललं होतं. बाई रिसॉर्टच्या मागच्या दाराशी गेल्या, सुरेखाला ओल्या हातांनी बाहेर बोलावलं आणि तिथेच, पायरीवर बसून तिचा अर्ज पुन्हा भरून घेतला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात आल्या. स्टाफरूममध्ये मी एकटाच होतो. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, “सर, त्या घरात तुम्हाला तेव्हा काही दिसलं होतं का?”

मी म्हणालो, “नाही.”

त्यांनी चष्मा नीट केला. म्हणाल्या, “बरं.”

नंतरच्या वर्षांत हा ‘बरं’ माझ्या कानात किती वेळा वाजला, सांगता येत नाही. सुरेखाला त्या वर्षी पहिली जागा मिळाली. बादली आणि मग घेऊन ती पुण्याच्या वसतिगृहात गेली. बी.एस्सी. झाली, बी.एड. झाली, आणि आता आपल्याच तालुक्यातल्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. शेवट गोड झाला म्हणून मी स्वतःला किती समजावलं! एक वर्ष तर गेलं, त्यात काय एवढं? पण त्या एका वर्षात तुळशीचं लग्न येऊन गेलं होतं. ते स्थळ मोडलं नसतं तर?... या ‘तर’पाशी आलो की मी खुर्चीतून उठतो. आताही उठून एक फेरी मारून आलो.

त्यानंतरच्या पहिल्याच घरभेटीत बाईंनी एक नवीन नेम सुरू केला. घरात पाणी आलं की आपला पेला तोंडाला लावायच्या आधी माझ्यापुढे धरायच्या. “सर, वाचा.” मी विचारलं, “काय?” तर म्हणाल्या, “नाव वाचा. माझ्या डोळ्यांना हे ठिपके लागत नाहीत.” मग मी मोठ्याने वाचायचं, घरच्यांच्या समोर. नाव घरचं असलं तर बाई पाणी प्यायच्या. दुसऱ्याचं असलं तर विचारायच्या, “कुणाचं गं हे?” आणि बायामाणसं लाजत, हसत खरं काय ते सांगायची. या एका नेमाने आमची किती निवड सुधारली! रामभाऊ तर सगळ्यांना सांगत सुटले होते, “आमच्या बाई पेला वाचून पोर निवडत्यात.” पण वाचायचो मी. दहा वर्षं, दर उन्हाळ्यात, घराघरांत. “सर, वाचा.” कधी ऊन डोक्यावर असायचं, घसा कोरडा पडलेला असायचा. वाटायचं, आज तरी ही बाई आधी पाणी पिऊ देईल. नाही. आधी वाचा. एकदा मी चिडून म्हणालोही, “बाई, मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन करून घ्या की!” त्या म्हणाल्या, “तुमचे आहेत ना डोळे चांगले? मग झालं.”

सांगून टाकावं असं अनेकदा वाटलं. फाट्यावर एसटीची वाट बघत एका दगडावर दोघं बसलेलो असायचो, बाई डब्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवायच्या, अशा वेळी शब्द अगदी ओठांवर यायचे. मग गाडी यायची. किंवा मी म्हणायचो, आज नको, दमल्यात. गेल्या पावसाळ्यात त्या आजारी पडल्या, तेव्हा त्यांच्या खोलीवर गेलो होतो. आज बोलायचंच असं ठरवून गेलो आणि तासभर खिडकीशी उभा राहून स्टँडवरच्या गाड्यांच्या पाट्या वाचत बसलो. बाई म्हणाल्या, “सर, काही सांगायचंय का?” मी म्हणालो, “छे, कुठं काय.” त्या म्हणाल्या, “बरं.” ती शेवटची भेट ठरली.

महिन्याभराने पौडच्या प्राथमिक शाळेत शोकसभा झाली. निधीतून शिकलेली मुलं आली होती. आता त्यांना मुलं कशाला म्हणायचं, कोणी इंजिनिअर, कोणी नर्स, कोणी तहसील कचेरीत. मोहन आला होता, नामदेवांना धरून. मला बोलायला लावलं. मी ते फाडून टाकलेल्या लेखासारखं बोललो आणि खाली येऊन व्हरांड्यात फेऱ्या घालू लागलो.

सुरेखा तिथे आली. दाराशी बसून ती बाईंच्या स्मरणार्थ पेले वाटत होती. मुलांनीच वर्गणी काढून नाव घालून घेतले होते. म्हणाली, “सर, बसा ना. किती फिरताय.” मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “शेवटी शेवटी बाईंना दिसायचंही कमी झालं असेल, नाही?”

“बाईंना?” ती म्हणाली. “छे हो सर! त्यांचा चष्मा लांबचा. जवळचं तर लख्ख दिसायचं. मी जायचे ना रविवारी, तर माझ्या हातातली सुई काढून घेऊन त्याच ओवून द्यायच्या, चष्मा कपाळावर सारून. म्हणायच्या, तरणी पोर आन दोरा जाईना व्हय?”

मी कठडा धरला. ती खाली बघत होती. मग हळू आवाजात, पण न अडखळता म्हणाली, “सर, त्या दिवशी आमच्या घरी तुम्ही पेला फिरवलात, तेव्हा मी दाराआड उभी होते. ठेवतानाही पाहिलं. बाई रिसॉर्टवर आल्या, तेव्हा मी सांगितलं त्यांना.”

म्हणजे स्टाफरूममध्ये त्यांनी मला विचारलं, ते सगळं माहीत असून.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“म्हणाल्या, हे पुन्हा कुणापाशी बोलू नकोस. मानूस कामाचा हाय.”

दहा वर्षं. एका शब्दाने बोल लावला नाही, मला निधीतून काढलं नाही, माझ्यासमोर भाकरी मोडली, आणि दर घरात, दर पेल्याला, मी जे वाचून गिळलं होतं तेच माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. बाई, मी रडलो. त्या व्हरांड्यात, सगळ्यांच्या देखत. सुरेखा थांबून राहिली. मग तिने पिशवीतून एक पेला काढला, पदराने पुसला. मला वाटलं, हातात देईल. तिने तो माझ्यापुढे धरला.

“सर, वाचा.”

चष्मा मी घरी विसरलो होतो. आता माझ्याच डोळ्यांना ते ठिपके लागत नाहीत. पेला उजेडाकडे धरून, लांब नेऊन, एकेक अक्षर जुळवत मी मोठ्याने वाचलं, “कैलासवासी... सुमनबाई... वाळंज... यांच्या स्मरणार्थ.”

“बरं,” सुरेखा म्हणाली.